जुम्मा तलाव ते गांधीसागर : एका मानवनिर्मित जलाशयाची तीन शतके



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रकाशित होणाऱ्या या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, अशी आज्ञा संपादक मंडळाकडून झाली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी वडिलांच्या कापड दुकानात गादीवर बसलो. चाळीस वर्षांहून अधिक काळ गज आणि मीटर यांच्याशीच माझा संबंध. परंतु पन्नास वर्षांचा जमाखर्च मांडायला बसलेल्या संस्थेने आपल्या गावाच्या तीनशे वर्षांच्या एका ठेव्याकडेही एकदा पाहावे, असे मनापासून वाटले. तो ठेवा म्हणजे गांधीसागर, आमच्या आजीच्या तोंडी शेवटपर्यंत असलेला 'जुम्मा तलाव'.

या लेखामागे एक प्रश्न आहे, तोही आजीचाच. ती घरातले सर्व पाणी स्वतः गाळत असे. पाणी कसे गाळावे याचा विधी आपणां सर्वांना ठाऊक आहेच. कापड छत्तीस अंगुळे लांब, चोवीस अंगुळे रुंद, दुहेरी घडीचे आणि इतके घट्ट विणीचे असावे की सूर्यकिरण त्यातून थेट पार होऊ नये. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. गाळून झाल्यावर काम संपत नाही. गाळण्यावर राहिलेले सूक्ष्म जीव, ज्याला आपण जीवाणी म्हणतो, ते गाळलेल्या पाण्याने हळुवार उतरवून जिथले पाणी तिथेच परत सोडायचे. विहिरीचे विहिरीत, तळ्याचे तळ्यात. त्यासाठी तळाशी कडी असलेली बादली असे. ती पाण्यापर्यंत अलगद नेऊन मगच पालथी करायची. वरून ओतायचे नाही, कारण आदळून जीवहिंसा होते.

मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या इतवारीतल्या जुन्या वाड्याची विहीर वापरातून गेली आणि सर्व पाणी नळाचे आले. आजीने नळाला कापड बांधले. संध्याकाळी ते कापड हातात धरून ती अंगणात उभी राहिली आणि वडिलांना म्हणाली, "अरे, हे पाणी कुठलं? याची जीवाणी कुठे सोडायची?" वडिलांना उत्तर देता आले नाही. मलाही पुढे अनेक वर्षे देता आले नाही. त्या उत्तराचा शोध मला जुम्मा तलावापर्यंत घेऊन गेला.

बारा गावांचे शहर

नागपूर वसवण्याचे श्रेय देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याला दिले जाते. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याने नाग नदीच्या परिसरातील बारा लहान वस्त्या एकत्र करून येथे नगराची पायाभरणी केली. 'राजापूर बारसा' या नावाने त्या वस्त्या ओळखल्या जात. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या त्या बारा गावांत सीताबर्डी आहे, फुटाळा आहे, सक्करदरा आहे, हिवरी आहे, वाठोडा आहे. नंदनवनात राहणाऱ्या वाचकांना यातील शेवटची तीन नावे नवीन नाहीत. आपल्या वसाहतीच्या अगदी शेजारची ही गावे. म्हणजे आपण ज्याला शहराचा नवा, वाढीव भाग समजतो, त्याच्या शेजारची माती नागपूरच्या पहिल्या बारा गावांपैकीच आहे.

बख्त बुलंदानंतर त्याचा पुत्र चांद सुलतान याने राजधानी देवगडच्या डोंगराळ मुलखातून नागपुरात आणली आणि गावाभोवती तट बांधला. तट बांधला म्हणजे माणसे सुरक्षित झाली, पण तटाच्या आतल्या माणसांना पाणी हवे. त्यासाठी त्याने शहराच्या पश्चिमेस, वरच्या अंगाला, नाग नदीच्या खोऱ्यातील पाणी पाळ घालून अडवले. हाच जुम्मा तलाव. तटाला या बाजूस जे दार होते तो जुम्मा दरवाजा. आज महालात जाताना आपण ज्याखालून जातो ते गांधीद्वार म्हणजेच तो दरवाजा. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून लोकांनी त्याला शुक्रवारी तलावही म्हटले. नाव कोणतेही घ्या, पाणी तेच.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नागपूरच्या भूमीचा उतार सर्वसाधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. नाग नदीही अंबाझरीच्या बाजूने निघून पूर्वेकडे वाहते. पाणी वरच्या अंगाला अडवले की ते खाली वस्तीकडे आपल्या गतीने येते, त्याला उपसावे लागत नाही. शिवाय तळे भरलेले राहिले की त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना झरे जिवंत राहतात. पंप नसलेल्या काळात राजाने आणि त्याच्या कारागिरांनी जमीन वाचली होती, असेच म्हणावे लागेल. इतवारी-महालातल्या जुन्या वाड्यांत घरोघरी विहिरी होत्या. त्यांचे पाणी आणि या तळ्याचे पाणी जमिनीखाली एकमेकांना ओळखत असले पाहिजे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

भोसल्यांचा काळ आणि तटावरची लढाई

चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा तंटा झाला, त्यात रघूजी भोसले मदतीस आले आणि १७४३ पासून नागपूरची सत्ता भोसल्यांच्या हाती स्थिरावली. भोसल्यांनी या शहरात तळ्यांची परंपरा पुढे चालवली. सक्करदरा, सोनेगाव, तेलंखेडी म्हणजे आजचा फुटाळा ही नावे त्याच काळाशी निगडित आहेत. नागपूरला तळ्यांचे गाव म्हणतात ते उगीच नाही. यांतील बहुतेक तळी निसर्गाने दिलेली नाहीत. ती माणसांनी मातीची पाळ घालून, दगड रचून, डोक्यावर टोपल्या वाहून तयार केलेली आहेत.

जुम्मा तलावाने युद्धही पाहिले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. त्यानंतर डिसेंबरात शहराच्या तटात अरब शिपायांनी ठाण मांडले आणि इंग्रजांनी जुम्मा दरवाज्यावर चढाई केली. ती परतवली गेली, शेवटी बोलणी होऊन अरबांनी शहर सोडले. जो तलाव आत असलेल्यांची तहान भागवण्यासाठी बांधला, त्याच्याच काठी तोफा लागल्या. १८५३ मध्ये तिसऱ्या रघूजींचे निधन झाले आणि इंग्रजांनी हे राज्य खालसा केले.

गिरणीचा भोंगा

आता माझ्या धंद्याकडे येतो. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला वेगळीच किंमत आली. जमशेटजी टाटा यांनी गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर निवडले. कापूस जवळ, कोळसा आवाक्यात, रेल्वे दाराशी. जागा निवडली ती जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग येतो. येथल्या एका सावकाराकडे त्यांनी भांडवलाबद्दल विचारणा केली, तेव्हा खड्डे बुजवण्यासाठी जमिनीत सोने पुरणाऱ्या माणसाला पैसे कोण देणार, असे म्हणून त्याने नकार दिला. पुढे गिरणीचे यश पाहून त्यानेच कबूल केले की, या गृहस्थाने जमिनीत माती पुरली आणि सोने काढले. आम्हा व्यापाऱ्यांच्या बैठकीत ही गोष्ट आजही सांगितली जाते, बहुधा उधार नाकारताना.

१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस मिल. बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेतून आलेले गृहस्थ तिचे व्यवस्थापक झाले. वाफेवर चालणाऱ्या गिरणीला पाणी किती लागते, हे आज विजेच्या काळात लक्षात येत नाही. बॉयलरला पाणी, वाफ थंड करायला पाणी, सूत धुवायला-रंगवायला पाणी. शिवाय कोरड्या हवेत सूत तुटते. नागपूरचा उन्हाळा तर आपण जाणतोच. हवेत ओलावा राखणारी यंत्रे आणि आग विझवण्याचे स्वयंचलित फवारे या गिरणीने फार लवकर बसवले होते. १८८६ मध्ये येथे कामगारांसाठी निवृत्तिवेतनाची आणि १८९५ मध्ये अपघात भरपाईची तरतूद झाली, तेव्हा देशात त्या स्वरूपाचा कायदाही नव्हता.

त्या गिरणीचे धोतर, चादरी आणि लांब कापड विकून आमच्या घराच्या दोन पिढ्या वाढल्या. माझ्या लहानपणी सकाळचा भोंगा झाला की आई चुलीवर आधण ठेवी. पगाराच्या दिवशी संध्याकाळी आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे. कामगार तळ्याच्या काठाने चालत येत, लुगडे-धोतर घेत, मागची उधारी फेडत आणि पुढची मांडून जात. रविवारी हीच मंडळी मुलाबाळांना घेऊन तळ्यावर फिरायला येत. तळ्याच्या मध्यभागी बेट, त्यावर बाग आणि महादेवाचे मंदिर. आम्हीही वडिलांचे बोट धरून तेथे गेलो आहोत. गणपती, कान्होबा, शारदा, दुर्गा यांची विसर्जने तेथेच. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात तळ्याचे नाव गांधीसागर असे रूढ झाले.

नळ आला आणि नाते सुटले

पण या सर्व गजबजाटात एक बदल झाला होता, जो कुणी फारसा मनावर घेतला नाही. शहर वाढले तसे जुम्मा तलावाचे पाणी पुरेनासे झाले. १८७० च्या दशकात अंबाझरीचे पाणी नळांनी शहरात आणले गेले. ते अपुरे पडू लागले तेव्हा १९११-१२ च्या सुमारास गोरेवाडा जलाशय झाला. त्यानंतर कन्हान नदीवरून पाणी आले आणि पुढे पेंच प्रकल्पातून. आज नागपूर मुख्यतः पेंचचे आणि कन्हानचे पाणी पिते. नवेगाव खैरीच्या जलाशयातून पेंचचे पाणी निघते, शुद्ध होते आणि आपल्या टाकीत पडते.

हा क्रम नीट पाहा. प्रथम तळे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. मग काही मैलांवर गेले. मग जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. प्रत्येक नव्या योजनेने शहराची तहान भागवली, याबद्दल त्या त्या काळातील अभियंत्यांचे आणि नगरपालिकेचे ऋण मानलेच पाहिजे. पटकीच्या साथी ओसरल्या त्या शुद्ध नळाच्या पाण्यामुळेच. माझी त्याविषयी तक्रार नाही. परंतु पिण्याचे पाणी दूरवरून येऊ लागल्यावर जवळच्या तळ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. जे पाणी आपण पितो त्यात कोणी कचरा टाकत नाही. जे पीत नाही त्यात टाकताना हात थबकत नाही. काठावरच्या वस्तीचे सांडपाणी गांधीसागरात शिरू लागले, निर्माल्य आणि प्लॅस्टिक साचले, मासे मरून तरंगल्याच्या बातम्या अधूनमधून वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. जीव द्यायला येणाऱ्या दुर्दैवी माणसांमुळेही या तळ्याचे नाव बदनाम झाले. पाणी वाईट नव्हते. त्याच्याशी असलेले आपले नाते सुटले होते.

आजीच्या प्रश्नाचा अर्थ मला येथे उमगला. जीवाणी परत सोडण्याचा नियम जीवदयेचा तर आहेच. पण त्या नियमामुळे प्रत्येक घराला रोज स्वतःच्या पाण्याच्या उगमापर्यंत जावे लागे. विहिरीत डोकावावे लागे, तळ्याची पायरी उतरावी लागे. पाणी किती उतरले, रंग कसा आहे, काठावर घाण कोणी केली, हे आपोआप कळे. नळाने आपली ती रोजची फेरी बंद केली.

एक न फेडलेली उधारी

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. त्या वर्षीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आमच्या वहीत एका जुन्या कामगाराच्या नावे दोन हजार तीनशे रुपये होते, मुलीच्या लग्नातल्या कापडाचे. त्याचे वडीलही आमचे गिऱ्हाईक. गिरणी बंद झाल्यावर मी तीन वेळा मुनीमजींना त्याच्या घरी पाठवले. चौथ्यांदा तो स्वतः आला, पत्नीच्या चांदीच्या पाटल्या रुमालात गुंडाळून. मी त्या वजन करायला घेणार, तोच आतून वडील आले. त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा मारून ती त्याच्या हातात दिली आणि वहीतल्या त्या नोंदीवर रेघ ओढली. मला फक्त एवढेच म्हणाले, "या माणसांच्या पगारावर तुझं शिक्षण झालं आहे."

त्यानंतर कित्येक संध्याकाळी मी दुकानातून परतताना तो गृहस्थ मला गांधीसागरच्या काठावर बसलेला दिसे, थंड झालेल्या गिरणीकडे तोंड करून. मी स्कूटर थांबवली नाही. त्या वर्षी क्षमावाणीला मी दीडशे पत्रे पाठवली. त्यात त्याचे नाव नव्हते. पुढच्या वर्षी मनाने घेतले आणि घर शोधत गेलो, तेव्हा ते कुटुंब गाव सोडून गेले होते. आज या स्मरणिकेच्या पानावरून मी ती क्षमा मागतो आहे. ती त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही, हे मला ठाऊक आहे.

गिरणीचे आणि तळ्याचे मला सारखेच वाटते. उपयोग होता तोवर आपण दोन्हीकडून भरभरून घेतले. उपयोग संपला तेव्हा आपण वळूनही पाहिले नाही. गिरणीच्या जागेवर आता मॉल उभा आहे. तळे मात्र जागचे हलले नाही.

घसारा आणि देखभाल

वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मला एक हिशेब सुचतो. कोणतीही मालमत्ता वापरली की झिजते. तिचा घसारा दरवर्षी मांडावा लागतो आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवावी लागते, नाहीतर एक दिवस मालमत्ता फक्त कागदावर उरते. तळ्याचा घसारा म्हणजे गाळ. दर पावसाळ्यात थोडी माती आत येते आणि पाणी मावण्याची जागा तेवढी कमी होते. पूर्वी उन्हाळ्यात तळी उतरली की गाळ काढून शेतात टाकण्याची चाल होती. तळे खोल होई आणि शेत सुपीक. ती चाल गेली आणि घसारा साचत गेला. नैसर्गिक नदी स्वतःला पुरात धुऊन घेते. मानवनिर्मित तळ्याला मात्र ज्याने बांधले त्याच्या वारसांनीच सांभाळावे लागते.

या हिशेबातील चूक किती महाग पडते ते नागपूरने सप्टेंबर २०२३ मध्ये पाहिले. २३ तारखेच्या पहाटे अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने काठच्या वसाहतींत शिरून हाहाकार केला. माणसे दगावली, हजारो घरांत पाणी शिरले. माझ्या एका नातलगांच्या तळमजल्यावर छातीएवढे पाणी होते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांचे लग्नातले शालू चिखलातून काढून धुतले. तलावाच्या सांडव्यापुढील अडथळे आणि अरुंद झालेले नदीपात्र यांवर पुढे उच्च न्यायालयातही बराच ऊहापोह झाला. एकेकाळी शहराला पाणी देणारा जलाशय आपण विसरलो, म्हणून त्याने काही आपले काम थांबवले नव्हते. पाऊस पडला की तळे भरणार आणि भरले की वाहणार. वाट मोकळी ठेवणे एवढेच आपल्याकडे होते.

गांधीसागरच्या बाबतीत अलीकडे महापालिकेने गाळ काढणे, भिंतींची दुरुस्ती व सुशोभीकरण यांची कामे हाती घेतली, ही समाधानाची बाब आहे. त्याच परिसरात १९९२ पासून रामन विज्ञान केंद्र आहे. तेथे येणाऱ्या हजारो मुलांनी समोरच्या तळ्याचीही गोष्ट ऐकली तर किती चांगले होईल. मात्र दिवे आणि कारंजी यांनी काठ सजतो, पाणी स्वच्छ होत नाही. पाणी स्वच्छ होते ते सांडपाण्याची वाट वेगळी केल्याने.

विश्वस्त कोण?

येथे एका न्यायनिर्णयाचा उल्लेख करतो, कारण तो आपल्यासारख्या ट्रस्टच्या वाचकांना विशेष विचार करायला लावणारा आहे. फुटाळा तलावासंबंधी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. हा तलाव मानवनिर्मित असल्याने २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांतील व्याख्येत तो बसत नाही, असे न्यायालयाने मान्य केले. मात्र सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व केवळ निसर्गनिर्मित गोष्टींपुरते न ठेवता निसर्गापासून माणसाने घडवलेल्या गोष्टींनाही लागू करावे, असेही न्यायालयाने म्हटले. सोप्या मराठीत सांगायचे तर, नियमाचे कवच नसले तरी विश्वस्ताची जबाबदारी सुटत नाही.

'ट्रस्ट' हा शब्द आपण पन्नास वर्षे आपल्या पाटीवर मिरवतो आहोत. विश्वस्त म्हणजे मालक नव्हे. मागच्यांनी दिलेले पुढच्यांना न घटता सोपवणारा तो विश्वस्त. मंदिराच्या दानपेटीला जे लागू, तेच तळ्याला आणि विहिरीला लागू.

आता आजीच्या प्रश्नाचे उत्तर. नंदनवनातील आपल्या घरांचे पाणी पेंच-कन्हानहून येते आणि वापरून झाल्यावर गटारांतून पूर्वेकडे जाते. त्यातील काही भाग भांडेवाडी येथे शुद्ध होऊन वीजनिर्मिती केंद्राच्या उपयोगी पडतो, हे आपल्या शहराने केलेले फार मोठे काम आहे. परंतु जे शुद्ध होत नाही ते नाग नदीतून कन्हानला, तेथून वैनगंगेला आणि गोसीखुर्दच्या जलाशयाला जाऊन मिळते. भंडाऱ्याकडील शेतकरी आणि मच्छीमार त्याच पाण्यावर जगतात. म्हणजे पाणी आपण आजही परत करतोच आहोत. पूर्वी जीवाणी परत करत होतो, आता मैला परत करतो. जीवाणी कुठे सोडायची, याचे उत्तर मला असे दिसते की, जिथे आपले पाणी जाते तिथपर्यंत आपली जीवदया पोहोचली पाहिजे.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी विश्वस्त मंडळासमोर तीन नम्र सूचना ठेवतो. एक, आपल्या वास्तूच्या गच्चीवरचे पावसाचे पाणी गटारात न सोडता गाळून जमिनीत मुरवावे. दोन, पर्वातील निर्माल्य व पूजाद्रव्य कोणत्याही तळ्यात वा नदीत न जाता परिसरातच त्याचे खत व्हावे. तीन, दरवर्षी क्षमावाणीनंतरच्या रविवारी आपल्या पाठशाळेच्या मुलांना घेऊन आपण गांधीसागर किंवा सक्करदरा येथे जावे, काठ झाडावा आणि त्या पाण्याची गोष्ट त्यांना सांगावी. तिसरी सूचना मान्य झाली तर झाडू आणण्याचे काम माझ्याकडे लागले.

आजीचे ते गाळण्याचे कापड माझ्या कपाटात अजून आहे. एम्प्रेसचेच कापड आहे. मी अनेक गिरण्यांचा माल हाताळला, पण त्याची वीण आजही उजेडापुढे धरून पाहतो. वापराने ते विरले आहे, तरी सूर्यकिरण त्यातून थेट पार होत नाही.

ट्रस्टच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा. लेखनात काही न्यून वा अधिक आले असल्यास उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.